युद्धकैदी हाती आल्यावर: झडतीपासून परत पाठवणीपर्यंत

शत्रूचा सैनिक हाती लागल्यावर सर्वांत धोक्याची वेळ छावणीतली नसते. पकडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याचे नाव अजून कुठल्याच कागदावर आलेले नसते, आणि ज्याची नोंद नाही त्याचे काय झाले हे विचारायला कुणी येत नाही. म्हणून खाली चिठ्ठी, पावती, यादी आणि कार्ड यांचा उल्लेख जागोजागी येईल. त्याला कारकुनी हट्ट समजू नये. कैद्याला वाचवणारी आणि ताब्यात घेणाऱ्यालाही खोट्या आरोपापासून वाचवणारी तीच गोष्ट आहे.

मुख्य आधार १२ ऑगस्ट १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार. यात १४३ कलमे आहेत आणि जगातली जवळपास सर्व राष्ट्रे त्याला बांधील आहेत. खाली नुसता कलमाचा आकडा दिला असेल तर तो याच करारातला. १९७७ चा पहिला पूरक प्रोटोकॉल त्यानंतरचा. तो भारत आणि अमेरिकेसह काही देशांनी स्वीकारलेला नाही.

आणखी एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की हवी. युद्धकैद ही शिक्षा नाही. कैद्याने पुन्हा लढाईत उतरू नये एवढाच तिचा हेतू. समोरच्या सैनिकाने आपली माणसे मारलेली असू शकतात, पण युद्धाचे नियम पाळून तो लढला असेल तर तो गुन्हा ठरत नाही आणि त्यासाठी त्याच्यावर खटलाही चालवता येत नाही. रागाच्या भरात हे गळी उतरत नाही, म्हणून ते लढाईच्या आधी शिकवावे लागते.

शरण येताना

ज्याने हत्यार टाकून हात वर केले, जो जखमी किंवा बेशुद्ध असल्याने लढूच शकत नाही, त्याच्यावर गोळी चालवता येत नाही. बिघडलेल्या विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्या वैमानिकालाही हेच लागू. हल्ल्यासाठी उतरणाऱ्या छत्रीधारी सैनिकांना मात्र नाही. हात वर करून पुन्हा हत्याराकडे झेपावला किंवा पळू लागला, तर हे संरक्षण संपते.

पांढरे निशाण दिसले की उठून त्यांच्याकडे चालत जाऊ नका. आडोशातच राहा, नेम कायम ठेवा आणि त्यांना एकेक करून, हत्यारे मागे ठेवून, हात दिसतील अशा रीतीने पुढे बोलवा. एका टोळक्याने शरणागती पत्करली म्हणजे शेजारच्या खंदकाने पत्करली असे होत नाही. बहुतेक घोळ याच गैरसमजातून होतात आणि मग 'त्यांनी दगा दिला' म्हणून हात वर केलेल्यांवर सूड निघतो.

'कैदी घेऊ नका' हा हुकूम देणेच गुन्हा आहे. 'वरून आदेश होता' हा बचावही चालत नाही. मार्च १९४४ मध्ये इटलीत पकडलेल्या गणवेशातल्या १५ अमेरिकी सैनिकांना गोळ्या घालायला लावणाऱ्या जर्मन जनरल अँटन डोस्टलरने हिटलरच्या आदेशाचीच ढाल पुढे केली होती. १ डिसेंबर १९४५ रोजी त्याला देहदंड झाला. शत्रूच्या मुलखात खोलवर गेलेल्या लहान तुकडीकडे राखणीला माणसे नसतील तर काय करायचे? प्रोटोकॉलचे कलम ४१ सांगते की अशा कैद्यांना सोडून द्यायचे, आणि तेही ते सुखरूप राहतील अशी शक्य ती खबरदारी घेऊन.

पहिला तास: झडती, चिठ्ठी, पावती

झडतीला दोघे लागतात. एक तपासतो, दुसरा बाजूला उभा राहून नेम धरतो, आणि पहिल्याने कधीही दुसऱ्याच्या नेमाच्या रेषेत यायचे नाही. स्त्री कैद्याची झडती स्त्रीने घ्यावी.

काय काढून घ्यायचे: शस्त्रे, दारूगोळा, नकाशे, लष्करी कागदपत्रे, वायरलेस संच. काय ठेवू द्यायचे: अंगावरचे कपडे, जेवणाची भांडी, हेल्मेट, गॅस मास्क, ओळखपत्र, हुद्द्याची व देशाची चिन्हे, पदके, घरच्यांचे फोटो, भावनिक मोलाच्या वस्तू (कलम १८). हेल्मेट काढून घेण्याची चूक सर्रास होते. ते लष्करी सामान असले तरी स्वतःच्या बचावाचे आहे, आणि मागे नेताना तोफगोळे कैद्यावरही पडतातच. मोबाइल संपर्काचे साधन म्हणून ताब्यात घेता येतो, पण त्याची पावती द्यायची.

पैसे काढून घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमानेच. रक्कम वहीत चढवायची आणि कैद्याला तपशीलवार पावती द्यायची. पावतीवर देणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि तुकडी वाचता येईल अशा अक्षरात हवी. घड्याळ, अंगठी यांसारख्या मौल्यवान वस्तू फक्त सुरक्षेच्या कारणासाठी, आणि त्याही याच पद्धतीने. मनगटावरून उतरलेले घड्याळ पावतीशिवाय कुणाच्या खिशात गेले तर ती लूट झाली. गैरवर्तनाची सुरुवात पुष्कळदा एवढ्याशा गोष्टीनेच होते: घड्याळ घेतले, कुणी काही बोलले नाही, मग पुढच्या माणसाची हिंमत वाढते.

मग चिठ्ठी. अमेरिकी सैन्याची तीन भागांची चिठ्ठी नमुना म्हणून चांगली आहे. तिन्ही भागांवर एकच क्रमांक असतो. एक भाग दोऱ्याने किंवा तारेने कैद्याच्या कपड्याला बांधायचा, दुसरा पकडणाऱ्या तुकडीकडे राहतो, तिसरा त्याच्या सामानाच्या गाठोड्याला. पकडल्याची तारीख, वेळ, नेमकी जागा, तुकडी, कोणत्या परिस्थितीत पकडले आणि अंगावरच्या जखमा एवढे जागेवरच लिहा. 'दुपारी शेताजवळ पकडला' एवढ्याने काम भागत नाही. पुढे याच माणसावर खटला उभा राहिला किंवा त्याच्या दर्जाबद्दल वाद निघाला, तर तो कुठे होता आणि त्याच्याकडे काय सापडले याचा पुरावा हीच चिठ्ठी असते. जखमांचा रकाना रिकामा सोडू नका. जखम नसेल तर 'जखम नाही' असे लिहा. पुढच्या ठाण्यावर कैदी सुजलेल्या डोळ्यानिशी पोचला, तर ते कुणाच्या ताब्यात असताना घडले हे त्यावरूनच कळते.

हात बांधायचे असतील तर प्लास्टिकची पट्टी आणि मनगट यांत एक बोट सहज जायला हवे. बोटे निळी पडली, बधिर झाली की पट्टी कापून नवी बांधा. म्हणजे कात्री जवळ असायला हवी. हात मागे बांधलेल्या माणसाला पालथे पाडून ठेवू नका, श्वास कोंडून तो मरू शकतो. वाटेत काही दिसू नये म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधता येते, तीही गरज असेल तेवढाच वेळ. डोक्यावर गोणपाट घालणे वेगळे. ब्रिटिश सरकारने चौकशीतली टोपरे, भिंतीशी ताटकळत उभे करणे, सततचा आवाज, झोप तोडणे आणि उपासमार ही पाच तंत्रे १९७२ मध्येच बंद केली होती. तरी २००३ मध्ये बसऱ्यात ब्रिटिश ताब्यातला एक इराकी नागरिक मारहाणीने मेला, तेव्हा टोपरे आणि ताटकळत उभे करणे दोन्ही चालू होते. बंदी कागदावर राहिली आणि नव्या तुकड्यांना ती कुणी शिकवलीच नाही.

जखमींच्या बाबतीत प्रश्न एकच: आधी कुणाची गरज तातडीची? आपला की शत्रूचा, हे विचारायचे नाही. शत्रूचे लष्करी डॉक्टर, वैद्यकीय कर्मचारी आणि धर्मगुरू यांना युद्धकैदी मानत नाहीत. कैद्यांच्या सेवेसाठी त्यांना ठेवून घेता येते, पण काम त्यांचेच करू द्यायचे आणि निदान कैद्यांइतके संरक्षण द्यायचे (कलम ३३).

आणि फोटो नाहीत. कलम १३ कैद्याला मारहाण आणि धाकदपटशापासून वाचवते, तसेच अपमान आणि लोकांच्या कुतूहलापासूनही. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने पकडलेले वैमानिक टीव्हीवर उभे केले तेव्हा जगभर ओरड झाली. आज प्रत्येक सैनिकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे नियम साधा ठेवा: नोंदणीसाठी काढायचा ओळखीचा फोटो सोडला तर कैद्याकडे कॅमेरा वळवायचाच नाही. प्रेमाने चहा पाजतानाचाही नाही. त्या फोटोवरून तो ओळखला गेला तर घरच्यांच्या जिवावर बेतू शकते.

विचारपूस

कैद्याने चार गोष्टी सांगणे बंधनकारक आहे: नाव-आडनाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक (कलम १७). यावरून अनेकांचा समज होतो की बाकी काही विचारताच येत नाही. विचारता वाटेल ते येते. उत्तर मात्र वसूल करता येत नाही. शारीरिक छळ तर नाहीच, धमकी नाही, शिवीगाळ नाही, गप्प बसल्याबद्दल त्रासही नाही. 'बोलला नाहीस तर तुला त्यांच्या हवाली करू' ही धमकीच झाली. त्या चार गोष्टीही कुणी हट्टाने लपवल्या, तर जास्तीत जास्त त्याच्या हुद्द्याच्या सवलती कमी होऊ शकतात. विचारपूस त्याला समजणाऱ्या भाषेत व्हायला हवी. जो इतका जखमी किंवा भेदरलेला आहे की स्वतःचे नावही सांगू शकत नाही, त्याला डॉक्टरांकडे द्या.

व्यवहाराच्या बाजूनेही मारहाण निरुपयोगीच. मार खाणारा माणूस मारणाऱ्याला जे ऐकायचे असते ते बोलतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा चौकशी अधिकारी हान्स शार्फ पकडलेल्या वैमानिकांशी गप्पा मारी, त्यांना फिरायला नेई, आणि आपल्याला बरेच काही आधीच ठाऊक आहे असे भासवून उरलेले त्यांच्याकडून काढून घेई. युद्धानंतर अमेरिकी लष्करानेच त्याची पद्धत समजून घेतली.

मागे नेताना

कैदी लढाईच्या पट्ट्यातून शक्य तितक्या लवकर बाहेर काढायचे. जेवण, पिण्याचे पाणी, कपडे, औषध आणि वाहन यांची सोय आपल्या सैन्याची हालचाल असते त्याच दर्जाची हवी (कलम १९, २०). प्रत्येक हस्तांतराला मोजणी आणि दोन सह्या: देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. सत्तेचाळीस निघाले आणि सेहेचाळीस पोचले, तर तो एक कुठे आहे याचे उत्तर त्याच रात्री मिळवावे. आठवड्याने विचारले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

वाहतुकीत माणसे कशी मरतात याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे 'लिस्बन मारू'. १८०० हून अधिक ब्रिटिश कैदी घेऊन निघालेल्या या जपानी जहाजावर कैदी आहेत हे दाखवणारी खूण नव्हती. ऑक्टोबर १९४२ मध्ये अमेरिकी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. तळघराची झाकणे वरून बंद केलेली होती. ८०० हून अधिक कैदी मेले. म्हणून वाहनावर खूण, दारावर चावीसकट माणूस, आणि बाहेरून कुलूप लावून कुणीही निघून जायचे नाही.

हा युद्धकैदी आहे का?

नियमित सैन्यातला असेल तर प्रश्नच नाही. स्वयंसेवक किंवा प्रतिकार दलाचा असेल तर कलम ४ मध्ये चार अटी आहेत: हाताखालच्यांची जबाबदारी घेणारा प्रमुख, दुरून ओळखता येईल असे ठरावीक चिन्ह, हत्यार उघडपणे बाळगणे आणि युद्धाचे नियम पाळणे. सैन्याबरोबर अधिकृतपणे असलेले युद्धवार्ताहर, पुरवठा कंत्राटदार आणि व्यापारी जहाजांचे खलाशी यांनाही हा दर्जा मिळतो. हेर आणि भाडोत्री सैनिकांना मिळत नाही.

शंका असेल तर? जो पकडतो त्याने ठरवायचे नाही. सक्षम न्यायाधिकरण निर्णय देईपर्यंत तो युद्धकैदीच (कलम ५). १९९१ मध्ये अमेरिकी सैन्याने अशा सुमारे १२०० सुनावण्या युद्धभूमीच्या जवळच घेतल्या, म्हणजे हे अशक्य मुळीच नाही. २००२ मध्ये मात्र त्याच सरकारने तालिबानच्या सैनिकांना सरसकट दर्जा नाकारला आणि सुनावणीची गरजच नाही असे ठरवले. त्यातून ग्वांतानामो इथल्या अमेरिकी कैदखान्याचा वर्षानुवर्षांचा गुंता उभा राहिला. २००६ मध्ये हमदान खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की निदान सामायिक कलम ३ (चारही जिनिव्हा करारांत सारखेच असलेले) तरी लागू होतेच. हे कलम देशांतर्गत संघर्षासाठी आहे. तिथे युद्धकैद्याचा दर्जा नसतो, बंडखोरावर देशाच्या कायद्याने खटला चालतो. पण खून, छळ, ओलीस ठेवणे, मानहानी आणि रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा यांना मनाई आहे. थोडक्यात, 'हा युद्धकैदी नाही' यापुढे 'म्हणून याला कुठलाच कायदा नाही' हे वाक्य कधीच येत नाही.

छावणी

जागा जमिनीवरच हवी, जहाजावर नाही, तुरुंगातही नाही. लढाईपासून लांब, हवाई हल्ल्यापासून आसऱ्याची सोय असलेली. कैद्यांना ठेवून एखादे ठिकाण हल्ल्यापासून वाचवणे निषिद्ध आहे. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत प्रत्येकाला घरी आणि रेड क्रॉसच्या केंद्रीय शोध संस्थेला 'मी पकडला गेलो आहे' असे कार्ड पाठवू द्यायचे (कलम ७०). त्यानंतर महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे. ही टपाल-व्यवस्था चैन समजून मागे ठेवली जाते. वास्तविक घरच्यांना तो जिवंत असल्याचे कळणे हाच त्याचा विमा.

करारात खोलीचे चौरस फूट दिलेले नाहीत. मोजपट्टी अशी: त्याच भागात आपल्या सैनिकांना जशी राहण्याची सोय, तशी कैद्यांना (कलम २५). आपल्या जवानांना पलंग आणि कैद्यांना ओली जमीन, हे बसत नाही. अन्न इतके हवे की वजन घटणार नाही. सवयीच्या आहाराचा विचार करायचा आणि शिक्षा म्हणून सगळ्यांचे अन्न कापायचे नाही.

छावणी नीट चालली आहे का हे पाहायचे असेल तर स्वयंपाकघर दाखवून घेऊ नका, वजनाची वही मागा. कलम ३१ नुसार महिन्यातून किमान एकदा प्रत्येकाची तपासणी करून वजन नोंदवायचे असते. पाहुण्यांच्या दिवशी पातेले भरून दाखवता येते. तीन महिन्यांचे आकडे सांभाळून खोटे लिहिणे कठीण असते. एकाचे वजन उतरले तर तो आजारी. बराकीतल्या सगळ्यांचे उतरले तर शिधा कमी पडतो आहे किंवा वाटेत चोरला जातो आहे. वजने ठोकळेबाज दिसत असतील, सगळी पाचाच्या पटीत, तर काटा वापरलाच गेलेला नाही. नाझी जर्मनीच्या ताब्यातले सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैदी. त्यांपैकी ३० लाखांहून अधिक मेले. गोळीने मारलेले पुष्कळ होते, पण उघड्यावर, उपासमारीने आणि साथीने मेलेले त्याहून जास्त.

साध्या शिपायाला काम देता येते. नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्याला (हवालदार, नाईक) फक्त देखरेखीचे, आणि अधिकाऱ्यावर सक्ती नाही. सुरुंग काढण्यासारखे धोक्याचे काम स्वेच्छेशिवाय देता येत नाही. आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी. मजुरी दिवसाला किमान पाव स्विस फ्रँक; १९४९ चा हा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण ती फक्त खालची मर्यादा आहे.

शिस्तभंगाची कोठडी जास्तीत जास्त ३० दिवस, एकाच वेळी अनेक चुका झाल्या तरी. एकाच्या चुकीसाठी बराकीला शिक्षा नाही. पळून जाण्याचा प्रयत्न हा गुन्हा नाही, शिस्तभंग आहे. त्यासाठी बनावट कागद केले, साधे कपडे घातले, तरी कुणाला इजा केली नसेल तर शिक्षा शिस्तभंगाचीच (कलम ९३). मार्च १९४४ मध्ये श्टालाग लुफ्ट ३ या जर्मन युद्धकैदी छावणीतून ७६ जण भुयारातून निसटले. परत पकडलेल्या ७३ पैकी ५० जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या हत्यांवर युद्धानंतर खटले चालले. पळणाऱ्यावर गोळी हा अगदी शेवटचा उपाय, आणि आधी इशारा द्यायलाच हवा. पहारेकऱ्याच्या हातून कैदी मेला किंवा गंभीर जखमी झाला तर लगेच अधिकृत चौकशी, साक्षीदारांचे, विशेषतः कैद्यांचे, जबाब (कलम १२१).

युद्धगुन्ह्याचा संशय असेल तर खटला चालवा, पण आपल्या सैनिकावर ज्या न्यायालयात आणि ज्या पद्धतीने चालला असता तसाच. दोषी ठरला तरी कराराचे संरक्षण सुटत नाही.

परत पाठवणी

प्रत्यक्ष लढाई थांबली की विनाविलंब सोडायचे (कलम ११८). शांतता-तहाची वाट पाहायची नाही. गंभीर जखमी आणि आजारी तर युद्ध चालू असतानाच. व्यवहारात याच कलमाची सर्वांत जास्त ओढाताण होते. १६ डिसेंबर १९७१ नंतर भारताच्या ताब्यात आलेले सुमारे ९३,००० पाकिस्तानी लोक, सैनिक आणि त्यांच्यासोबतचे नागरिक मिळून, १९७३ च्या दिल्ली कराराने परत निघाले आणि शेवटचे १९७४ मध्ये पोचले. शरणागती भारत-बांगलादेश संयुक्त दलापुढे झाली, म्हणून बांगलादेशच्या संमतीशिवाय सोडता येणार नाही, ही भारताची भूमिका होती. कैदी राजकीय वाटाघाटीत अडकले की काय होते ते यात दिसते.

परत जायचेच नसेल तर? कोरियात २२,००० हून अधिक कैद्यांनी मायदेशी जायला नकार दिला आणि युद्धबंदीची बोलणी त्यावर अडून राहिली. शेवटी १९५३ मध्ये भारताच्या अध्यक्षतेखाली, जनरल थिमय्या यांच्या नेतृत्वात, तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाने त्यांचा ताबा घेतला. आज रेड क्रॉसचे प्रतिनिधी निघण्याआधी प्रत्येकाशी एकांतात बोलून त्याची इच्छा विचारतात. पहारेकरी शेजारी उभा असेल तर त्या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

निघण्याच्या दिवशी कैद्याला किमान २५ किलो सामान नेऊ द्यायचे (कलम ११९), आणि जे काढून घेतले होते ते परत करायचे. गाठोड्यावरचा चिठ्ठीचा तिसरा भाग आणि कैद्याकडचा पहिला भाग जुळवा, पैशांची वही उघडा, घड्याळ त्याच्या हातात द्या आणि त्याची सही घ्या.